डागाच्या कोपऱ्याची ओढ

आमच्या चाळीचा कॅरम बोर्ड माझ्या घरात राहतो. पोटमाळ्यावर, भिंतीला टेकवून, जुन्या चादरीत बांधलेला. बोर्ड मंडळाचा आहे, पण राहतो माझ्याकडे, आणि त्यावर कोणी काही बोललेलं मला चालत नाही. कारण तो मी जगवलाय. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. पुढचं शिक्षण गिरगावातल्या फर्निचरच्या दुकानांमागे झालं, लाकूड घासत आणि पॉलिश मारत. संध्याकाळी परळला परत यायचो तेव्हा हाताला पॉलिशच्या चपडीचा वास असायचा, तो वास घेऊनच जेवायला बसायचो. त्या हातांनी हा बोर्ड मी घासला, सुकवला, त्यावर पुन्हा पॉलिश चढवलं. मंडळाच्या किती कमिट्या आल्या आणि गेल्या. बोर्ड तोच आहे.

त्याच्या एका कोपऱ्यात, भोकाच्या शेजारी, काळपट डाग आहे. कोणीतरी गरम काहीतरी ठेवलं असणार. मला विचाराल तर मुद्दाम ठेवलं. तेव्हापासून तिथलं लाकूड जरा बसलंय. डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाही पटकन कळत नाही. जोरात मारलेल्या सोंगटीला त्याने काही होत नाही, पण हळू ढकललेली सोंगटी डागाजवळ आली की चौकटीकडे ओढली जाते. बाहेरचा माणूस भोकावर बरोबर नेम धरतो आणि त्याची सोंगटी चौकटीला लागून उभी राहते. मग तो स्वतःच्या बोटाकडे बघत बसतो. आम्ही बोटभर आत नेम धरतो. बाकीचं काम बोर्ड करतो.

ही ओढ फक्त आम्हा चौघांना माहीत होती. एक मी. दुसरा तळमजल्यावरचा माझा जुना जोडीदार, जो हल्ली स्पर्धेत पंच म्हणून बसतो. तिसरा माझा मुलगा आणि चौथी माझी नात. नातीला मी ती सातवीत असताना दाखवली होती, दार लावून.

याला कोणी लबाडी म्हणेल. म्हणो. बोर्ड आमचा, खेळायला येणार तुम्ही.

या उन्हाळ्यात, जयंतीच्या आठवड्यात, मंडळाने अठरा वर्षांच्या आतल्या मुलामुलींची स्पर्धा ठेवली. आत्तापर्यंत चाळीतली आणि आसपासची पोरं खेळायची. यंदा नवीन कमिटी आली, तिने मोबाईलवर निरोप फिरवला की कुठूनही या. आली. भायखळ्याचा एक मुलगा आला, तो प्रत्येक शॉटच्या आधी मनात काहीतरी पुटपुटायचा. गिरगावातून एक चष्मेवाला आला, त्याची आई पाण्याची बाटली घेऊन मागे उभी. लालबागचे दोघे भाऊ आले, ते एकमेकांनाच शिव्या देत हरले. आणि वरळी कोळीवाड्यातून एक मुलगी आली. तिची आईसुद्धा. आईचा आवाज आमच्या तिन्ही गॅलऱ्यांना पुरत होता.

स्पर्धा जिंकणाऱ्याला दादरच्या एका क्लबच्या निवड चाचणीला पाठवायचं ठरलं होतं. माझ्या नातीला तिथे जायचं होतं. पण घरात तिच्या बापाने आधीच सांगून ठेवलेलं. माझा मुलगा इस्पितळात एक्स-रे काढतो. बोलतो कमी, पण एकदा बोलला की त्यात फरक नाही. जेवताना म्हणाला, "जिंकलीस तर चाचणीला जा, मी स्वतः सोडायला येतो. हरलीस तर बारावी होईपर्यंत स्ट्रायकर कपाटात. मान्य?"

"मान्य," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मला विचारलंत का कोणी?"

"दादा, तुम्हाला विचारलं तर तुम्ही नाहीच म्हणणार," मुलगा म्हणाला. खरं होतं, म्हणून मी आणखी चिडलो.

पहिल्या फेऱ्या चाळीतल्या विहाराच्या हॉलमध्ये मंडळाच्या नव्या बोर्डांवर झाल्या. अंतिम डाव मात्र आमच्या बोर्डावर, ही जुनी रीत. नवी कमिटी कितीही शहाणी असली तरी ती रीत मी बदलू दिलेली नाही. नात सरळ वर आली. दुसऱ्या बाजूने ती कोळ्यांची मुलगी. मी तिच्यामागे उभा राहून तिचे सगळे डाव बघितले. अंगठ्याने मारायची. हात हलका. इतका हलका हात सरावाशिवाय येत नाही, आणि इतका सराव करणारी पोरगी नुसती खेळायला येत नाही. तिचा स्ट्रायकर मी मागून घेतला, हातावर तोलून बघितला.

"काय ओ आजोबा, माझ्या पोरीच्या स्ट्रायकरात काय शोधताव?" तिची आई मागून म्हणाली. "आत पापलेट नाय भरलाय."

लोक हसले. माझ्या नातीने मान खाली घातली. मी स्ट्रायकर परत दिला. वजन बरोबर होतं. मला तेच खटकलं.

अंतिम सामना रविवारी होता. शुक्रवारी दुपारी मी डोळे तपासून घरी आलो, डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं धूसर. तरी सवयीने पोटमाळ्यावर चढलो. चादरीला हात लावला आणि थांबलो. गाठ माझी नव्हती. मी चादर बांधतो ती एका ओढीत सुटते, कामावर तशीच बांधायचो. ही गाठ साधी, घट्ट, बुटाच्या नाडीसारखी. चादर सोडली, बोर्डावर बोट फिरवलं, नाकाजवळ नेलं. पावडर आमची नव्हती. आमची जरा भरड असते. ही मऊ, वासाची. स्पर्धा खेळणारी पोरं डबीतून आणतात तसली.

म्हणजे माझ्या घरात, माझ्या मागे, माझ्या बोर्डावर कोणीतरी बाहेरचं खेळून गेलं होतं.

घरात मुलगा एकटाच होता. रात्रपाळी करून आलेला, गंजीवर, पेपर वाचत बसलेला.

"बोर्ड कोणी काढला?"

"मला काय माहीत?"

"तू दिवसभर घरात."

"झोपलो होतो दादा."

सिंकमध्ये कप पडलेले होते. तो एकटा चहा पितो तेव्हा एकच कप निघतो. मी कपांकडे बघितलं, त्याने पेपरात तोंड घातलं. माझा मुलगा मला खोटं सांगत नाही असं मी सगळ्या चाळीत सांगत फिरलेला माणूस. पण या पोराला मुलीचा खेळ बंद व्हायला हवा होता. ती हरली की अट पुरी होत होती. आणि ओढ त्याला माहीत होती.

शनिवारी सून विचारत होती, जेवणात काही कमी आहे का? मी म्हटलं, नाही. नात एकदा येऊन शेजारी बसली, म्हणाली, "आजोबा, टेन्शन घेऊ नका ना, मी चांगली खेळते." मी म्हटलं, "ते मला नको सांगूस, बापाला सांग." ती काहीतरी बोलणार होती, पण उठून गेली.

जोडीदाराला मात्र खाली जाऊन विचारलं. तो दाढी करत होता.

"तू कोणाला बोललास का?"

"काय?"

"ते. कोपऱ्याचं."

"मर्दा, मी बायकोला नाही बोललो आयुष्यभर." फेसाळ तोंडाने आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. "का, फुटलं काय?"

"माहीत नाही."

"फुटलं तर बोंबलू नकोस. बोंबलशील कसा? ओढ आहे असं तूच सांगणार काय सगळ्यांना?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिथेच पायरीवर बसलो. चोरी झालीये हे सांगायचं, तर घरात काय होतं तेही सांगावं लागणार.

रविवारी विहाराच्या हॉलमध्ये बोर्ड लागला. स्टँड मी स्वतः लावला, वरचा दिवा मी स्वतः खाली घेतला. चाळ सगळी जमलेली, मुलं खिडक्यांवर. कोळीवाड्यातूनही माणसं आली होती. बायका कोपऱ्यात मांडी घालून बसल्या आणि नातीच्या आईला विचारत होत्या, तुमच्यात पापड उडदाचा करतात की पोह्यांचा. तीन डाव, ज्याचे दोन तो जिंकला. जोडीदार पंचाच्या खुर्चीत. मी त्याच्या मागे उभा. मुलगा दाराजवळ, हाताची घडी.

पहिला डाव सुरू झाला. कोळ्यांच्या मुलीने दोन सोंगट्या सरळ टाकल्या. तिसरी डागाच्या कोपऱ्याजवळ होती. तिने स्ट्रायकर लावला, थोडा थांबली, आणि बोटभर आत नेम धरला.

तो नेम आमचा होता. सोंगटी हळू गेली, डागाजवळ चौकटीकडे वळली आणि भोकात पडली. टाळ्या वाजल्या. जोडीदाराने मान वळवून माझ्याकडे बघितलं, लगेच पुढे बघितलं. मी दाराकडे बघितलं. मुलगा माझ्याकडेच बघत होता, आणि मी बघितल्यावर त्याने नजर काढून घेतली. झालं. आणखी कसला पुरावा पाहिजे?

तिने पुन्हा त्याच कोपऱ्यात एक टाकली, तशीच. राणीही तिथूनच घेतली. पहिला डाव ती जिंकली. दुसरा माझ्या नातीने जिंकला, कसाबसा, समोरच्या पोरीचा एक फाऊल झाला म्हणून. मध्ये सगळे चहाला उठले. मी मुलाचा दंड धरला आणि त्याला गॅलरीत ओढलं.

"किती वाजता आलेली ती तुझ्याकडे?"

"कोण?"

"ती पोरगी. तूच दाखवलीस ना तिला ओढ? मुलीला हरवायला स्वतःच्या बापाचा बोर्ड विकलास?"

त्याचा चेहरा उतरला. तो पोरगा होता तेव्हा मार खाताना जसा व्हायचा तसा. हळू म्हणाला, "मला तिचा खेळ बंद करायचा असता तर मी अट घातलीच नसती, दादा. सरळ बंद केला असता. माझी मुलगी आहे ती."

"मग कप कसले होते सिंकमध्ये?"

"चहा मीच केला दोघींना. झोपलो होतो हे खोटं. पण बोर्ड मी नाही काढला."

"दोघींना?"

"मी आणली होती तिला," मागून आवाज आला. नात दारात उभी होती, हाताला पावडर लागलेली. "मी दाखवलं तिला. पप्पांना मीच सांगितलं होतं, आजोबांना बोलू नका म्हणून."

मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही. म्हटलं, "का? तुझ्या आयुष्याचा प्रश्न आणि तू दुश्मनाला किल्ली दिलीस?"

"दुश्मन काय आजोबा, मुलगी आहे ती. शाळेच्या स्पर्धेत भेटली होती." मग ती जरा जोरात बोलली, "दादरला हा बोर्ड असणारे का? इथे ओढीवर जिंकायचं आणि तिथे जाऊन पहिल्याच फेरीत पडायचं? मग पप्पा म्हणणार, बघ. आणि तुम्ही म्हणणार, कोणीतरी फसवलं."

"तुला जमलं असतं इथे. सोपं होतं."

"तेच तर." ती माझ्याकडे बघत राहिली. "या बोर्डाशिवाय मी जिंकेन असं तुम्हाला वाटतच नाही ना?"

मला उत्तर येत नव्हतं असं नाही. मुलगा शेजारी उभा होता, त्याच्यासमोर द्यायचं नव्हतं. आतून पंचाने हाक मारली आणि ती गेली.

तिसऱ्या डावात मी खुर्चीमागे गेलो नाही. खिडकीजवळ पोरांमध्ये उभा राहिलो. तिथून तिचा चेहरा दिसतो, सोंगट्या अर्ध्याच दिसतात. तिच्या पांढऱ्या, समोरचीच्या काळ्या. आणि मला कळलं की ती डागाच्या कोपऱ्यात हळू एकही मारत नाहीये. एक सोंगटी तर सहज पडली असती, बोटभर आत, मी शिकवल्यासारखी. तिने ती सोडली आणि लांबची घेतली. मी मनात शिवी दिली. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "आजोबा, तोंडाने बोलले तुम्ही."

दोघींची एकेक सोंगटी उरली. राणी नातीने आधीच टाकून, मागोमाग सोंगटी घालून झाकली होती. पाळी तिची. तिची पांढरी बोर्डाच्या मध्याच्या थोडी पलीकडे, डागाच्या कोपऱ्याच्या वाटेवर. हळू ढकलली असती तर डोळे मिटून भोकात जात होती. तिचा बाप दाराजवळून दोन पावलं आत आला. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, तरी दिसलं.

तिने स्ट्रायकर त्या कोपऱ्यापासून बाजूला सरकवला. डबल घेणार होती, समोरच्या चौकटीवरून उलट स्वतःच्या बाजूच्या भोकात. हे वेडेपण आहे, मी असतो तर कधीच घेतला नसता. चुकला तर समोरचीची काळी भोकाच्या तोंडावर होती, ती लगेच टाकून मोकळी झाली असती.

बोट सुटलं. पांढरी समोर आपटली, परत फिरली, सबंध बोर्ड ओलांडून आली आणि तिच्या उजव्या हाताच्या भोकात गेली. कडेला लागलीसुद्धा नाही.

आरडाओरडा झाला. पोरांनी मला खिडकीजवळून ढकललं. पण त्या सगळ्यावर एक आवाज चढला. कोळीण उभी राहिली होती.

"थांबा, थांबा! बोर्ड तुमचा, पंच तुमचा, पोर तुमची. आमी काय टाळ्या वाजवायला आलो काय इथे? आमची पोर कधी हरत नाय अशी. या बोर्डात कायतरी हाय. तो म्हातारा आल्यापासून बघताय नुसता!"

कमिटीतली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हणाला, "पुन्हा घेऊ या का नव्या बोर्डावर?" माझा मुलगा पुढे यायला लागला. नातीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. जिंकलेलं हातातून चाललं होतं.

"आई, गप ना गो," कोळ्यांची मुलगी म्हणाली. ती अजून बसलेलीच होती. "बोर्ड ओढतो. इकडे." तिने डागावर बोट ठेवलं. "मला माहीत आहे. हिनेच घरी नेऊन दाखवलं मला. मी तिकडून तीन टाकल्या. हिने तिसऱ्या डावात तिथे एक पण नाही मारली. तरी जिंकली ही. काय पुन्हा घेणार?"

तिची आई तोंड उघडं ठेवून खाली बसली. आणि मग हळूहळू सगळी डोकी माझ्याकडे वळली. शेजारच्या चाळीतला एक टक्कल पडलेला माणूस, पूर्वी आमच्याकडून हरलेला, म्हणाला, "एक मिनिट. म्हणजे आमच्या वेळेला पण...?"

जोडीदार म्हणाला, "ओढ? कसली ओढ? मला तर काही..."

"गप बस," मी त्याला म्हणालो. आणि त्या टकल्याला सांगितलं, "हो. आहे. लाकूड आहे ते. मला काढता आली असती, मी काढली नाही. तुला हरल्यावर कळलं नाही यात माझं काय चुकलं?"

काही जण हसले, काही नाही. कमिटीने निकाल तोच ठेवला. टकला अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलो.

घरी जाताना जिन्यावर मुलगा माझ्यामागे होता. म्हणाला, "दादा, मी विकला होता का बोर्ड?"

मी म्हटलं, "कप विसळून ठेवायचे असतात."

तो हसला की नाही ते मी वळून बघितलं नाही. पण चाचणीला तिला सोडायला कोण जाणार यावर सुनेशी बोलताना मी त्याला ऐकलं, आणि तो रजा टाकतो म्हणत होता. ते पुरे होतं.

आता चाचणीपर्यंत नात आमच्या बोर्डावर सराव करत नाही. कोळीवाड्यात जाते, त्या मुलीच्या घरी, तिथल्या बोर्डावर. मी विचारलं, "तिचा बोर्ड सरळ कशावरून?" ती म्हणाली, "तुम्हीच बघा येऊन." म्हणून मी गेलो. गल्ली इतकी अरुंद की समोरून टोपली आली की माणसाने भिंतीला लागायचं. दारात जाळं पसरलेलं. मुलीच्या आईने मला बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

"आला का तपासनीस? बस. चहा घेशील?"

बोर्ड आत होता. मी आत जायला लागलो तशी नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेर बसा. तुम्ही बघत असलात की माझा हात जड होतो."

बाहेर बसलो. ओट्यावर, जाळ्याच्या वासात. दार अर्धं लोटलेलं. आतून सोंगट्यांचा आवाज येत होता. आवाजावरून मला कळतं मारणारी कोण आहे, त्यासाठी बघायला लागत नाही. नात मारत होती. मग थांबली. मग दोघी काहीतरी कुजबुजल्या आणि एकदम हसल्या.

माझ्यावरच हसल्या असणार. मी चहा अर्धा ठेवला, पण उठलो नाही.